शाळामास्तरांच्या डोक्यावरचे ओझे

(निर्मळ येथे भरलेल्या पालकांच्या सभेत एका प्राथमिक शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



सभेच्या चालकांनी मला विषय दिला आहे तो शाळामास्तरांना होणाऱ्या त्रासाचा. हा विषय ऐकून कित्येकांस हसू येईल, हे मी जाणून आहे. ‘गुरुजी, तुमचे बरे आहे. महिन्याच्या महिन्याला पगार, मे महिन्याची सुटी, दिवाळीची सुटी, गणपतीची सुटी. पाऊस पडो की न पडो, तुमच्या घरची चूल पेटायची राहात नाही.’ हे मला बाजारात, एसटीत, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे ऐकावे लागते. त्यात खोटे काही नाही. कायम झालेल्या मास्तराचा पगार आज पाच-दहा गुंठे वाडी करणाऱ्याच्या मिळकतीपेक्षा बरा आहे. हे लपवून मला आपल्यापुढे उभे राहता येणार नाही. तेव्हा पगारवाढीचे गाऱ्हाणे घेऊन मी आलेलो नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळेच आहे, आणि ते माझ्या घरचे नसून आपल्या घरचे आहे. मास्तराच्या डोक्यावर जे नसते ओझे चढविले जाते, त्याची किंमत मास्तर देत नाही. ती आपले मूल देते. एवढीच गोष्ट मला आज आपल्या गळी उतरवावयाची आहे.

मास्तराच्या डोक्यावर दोन ओझी असतात. पहिले त्याच्या धंद्याचेच आहे. चाळीस पोरांपैकी कोणाला वाचता येते, कोण नुसते ओठ हलविते, कोण उपाशी आले आहे, कोणाच्या घरी रात्री मारझोड झाली आहे, कोण चार दिवस दिसले नाही, हे सारे त्याने ध्यानात बाळगावयाचे असते. हे ओझे त्याच्याबरोबर घरी येते, जेवताना ताटापाशी बसते, रात्री उशाशी येते. पण ते आम्हांस नको आहे असे नाही. येथे पानमळेवाले बसले आहेत. पानवेलीची काळजी नको, असे कोणता माळी म्हणेल? रोज पाणी, रोज बांधणी, रोज पानापानावरून नजर. ती काळजी आहे तोवरच मळा आहे.

दुसरे ओझे मात्र बाहेरून आणून ठेवलेले. वेलीस पाणी द्यावयाच्या वेळी कोणी माळ्याला हाक मारून म्हणू लागला, ‘आधी वेली किती आहेत ते लिहून दे, त्यांचे फोटो पाठव, काल पाठविलेस ते पोचले नाहीत, पुन्हा पाठव, आणि शेजारच्या गावात माणसे मोजावयाची आहेत, तिकडे चार दिवस जाऊन ये’, तर त्या मळ्याचे काय होईल ते तुम्हीच मला सांगा.

एक हकीकत सांगतो. मुलाचे नाव सांगत नाही आणि गावही सांगत नाही. चौथीतला मुलगा, बाप दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत राबणारा. या मुलास हातच्याची वजाबाकी येईना. बावनातून सतरा वजा करावयास सांगितले की तो बिनदिक्कत सातातून दोन काढी, पाचातून एक काढी, आणि पंचेचाळीस लिहून मोकळा होई. मुलगा मठ्ठ मुळीच नव्हता. बापाबरोबर घड उतरताना फण्या किती, केळी किती, डागी किती निघाली, डझन किती भरली, हा हिशेब तो तोंडी चोख करी. एके दिवशी मी त्याची वही मिटून ठेवली आणि म्हटले, ‘हे बघ, दहा-दहा केळ्यांच्या पाच फण्या आहेत, आणि वर दोन सुटी केळी. गिऱ्हाईक सतरा केळी मागते. कसे देशील?’ तो थोडा थांबला. फळ्याकडे पाहीना, माझ्याकडे पाहीना. कुठेतरी वाडीतच पाहात होता. मग म्हणाला, ‘गुरुजी, एक फणी तोडावी लागेल.’

मंडळी, हातचा घेणे म्हणजे हेच! फणी तोडली की सुट्या दोनाची बारा झाली. बारातून सात दिली, पाच उरली. आता फण्या राहिल्या चार, त्यातली एक दिली, तीन राहिल्या. पस्तीस. हे त्या पोराच्या तोंडून त्याच्याच बुद्धीने निघत होते. आता एवढेच करावयाचे होते की फणीवरून त्याला आकड्यावर आणावयाचे, आणि पाच-सहा गणिते त्याच्या हाताने सोडवून घ्यावयाची. अर्ध्या तासाचे काम. इतक्यात खिशातला मोबाइल वाजला. वरून निरोप होता की अमुक माहिती आजच्या आज, बाराच्या आत भरा. न भरल्यास जबाबदारी आपली राहील. ‘पाच मिनिटांत आलो’ असे सांगून मी पडवीत गेलो. लिंक उघडेना. उघडली तर ओटीपी येईना. ओटीपी आला तर आधी लिहिलेले पुसून गेले. माहिती कसली? तर जी माहिती त्याच कार्यालयास त्याच वर्षी दोनदा दिलेली होती, तीच. मी वर्गात परतलो तेव्हा खिचडीची घंटा झाली होती. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस प्रशिक्षण. त्यानंतर दिवाळीची सुटी. सुटीनंतर तो मुलगा आलाच नाही. बापाला दुसरीकडे काम मिळाले आणि बिऱ्हाड हलले. तो आज कोठे आहे मला ठाऊक नाही. अजून कुठल्या तरी शाळेत तो बावनातून सतरा काढून पंचेचाळीस लिहीत असेल, ही धास्ती मला आहे. मास्तराची झोप उडते ती अशा गोष्टीने. कामाच्या थकव्याने नव्हे. थकवा तर आपणही रोज सोसता. पहाटेच्या गाडीने भाजीच्या-फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणाऱ्या आमच्या मायबहिणींना थकवा मी काय सांगावा! पण त्यांच्या पाट्या वाटेत उतरवून घेऊन ‘आधी फुले मोजून दाखवा’ असे रोज कोणी म्हणू लागले, आणि बाजार उठून गेला, तर त्या वेळी जे जिवाला होते, ते आम्हांस होते.

आता मास्तराचा दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. सगळे सांगू लागलो तर येथेच अंधार पडेल. सकाळी परिपाठ. हजेरी कागदावर, आणि पुन्हा मोबाइलात. मग तांदूळ, डाळ, तेल मोजून देणे. शिजलेले अन्न मुलांच्या आधी चाखून पाहणे. किती मुले जेवली ते ॲपवर चढविणे. शाळेतल्या जेवणाच्या मी विरुद्ध नाही, हे नीट ऐकून घ्या. ही योजना १९९५ साली सुरू झाली, आणि नुसते धान्य न देता शिजवून ताजे अन्न द्या असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. त्या एका ताटाने कित्येक मुली शाळेत टिकल्या आहेत. माझे म्हणणे इतकेच की तांदळाचा हिशेब ठेवण्यास मास्तरच कशाला पाहिजे? पुढे आधार कार्डाचा घोळ. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, कार्डावर दुसरेच. जुळले नाही तर मूल डोळ्यांसमोर बसलेले असूनही पटावर धरले जात नाही, आणि पट कमी झाला की मास्तराची जागा जाते. म्हणून मास्तर पालकांच्या मागे हिंडतो. पालक मजुरीवर गेलेले. शिवाय शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेची खाती, गणवेशाची मापे, जंताच्या गोळ्या, झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, फोटो पाठविल्याचा अहवाल. सरल झाले, यूडायस झाले, आणखी कायकाय झाले. ही यंत्रे काम हलके करावयास आली असे म्हणतात, परंतु जुन्या वह्या काही कोणी बंद केल्या नाहीत. यंत्र आले आणि वहीही राहिली.

आणि निवडणूक. मतदारयाद्या दुरुस्त करण्यासाठी मास्तरांना मतदान केंद्राचे अधिकारी नेमतात. दारोदार हिंडावे लागते. पूर्वी चाळीत दहा बिऱ्हाडे असत, आता आपल्या आसपास इमारतीवर इमारत उभी राहिली आहे. पहारेकरी आत सोडीत नाही, कुलपे लागलेली, भाडेकरू सहा महिन्यांनी बदलतात. काम संपत नाही, आणि न संपल्यास नोटीस.

आता हिशेबाला बसू. हिशेब आपल्याला कळतो. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलांस वर्षातून निदान दोनशे दिवस आणि आठशे तास शिकविले पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास. साठ मुलांपर्यंतच्या शाळेस दोन मास्तर. अशा शाळेत चौथीपर्यंतच्या चार इयत्ता, म्हणजे एका मास्तराकडे दोन इयत्ता. एकीला शिकविताना दुसरी आपापली बसते. तेव्हा आपल्या मुलाच्या वाट्यास आठशे तासांतले चारशेच खरे शिकविण्याचे आले. आता त्या मास्तराचा रोज एकच तास कागदात आणि मोबाइलात गेला असे धरा. जास्तच जातो, पण एकच धरा. वर्षाचे दोनशे तास गेले, त्यातले शंभर आपल्या मुलाच्या वर्गाचे. उरले तीनशे. म्हणजे सरकारने आपल्या मुलाच्या नावे एक रुपया मांडला, आणि त्याच्या हातात सहा आणे पडले. ज्या दिवशी दोघांतला एक मास्तर बाहेरच्या कामावर जाईल, त्या दिवशी उरलेल्या एकट्याकडे चारही इयत्ता. मग रुपयातले चारच आणे.

हे दहा आणे कोणाचे बुडतात, ते पाहा. ज्याच्या खिशात पैसा आहे तो शिकवणी लावून ते भरून काढतो, किंवा मुलास इंग्रजी शाळेत घालून मोकळा होतो. त्याला मी दोष देत नाही; आपल्या मुलाचे बरे व्हावे असे कोणाला वाटत नाही? पण मजुराला, कुळाला, मासळी विकणाऱ्या बाईला, वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी बांधवाला हे दहा आणे दुसरीकडून आणता येत नाहीत. त्याच्या मुलाला जे काही मिळावयाचे ते त्या मास्तराकडून, त्या चार भिंतींत आणि त्याच तासात. कागदाचे ओझे मास्तराच्या डोक्यावर दिसते खरे, पण त्याचा भार असा खाली, सर्वांत अशक्त मानेवर येऊन पडतो.

ही शाळा आपल्याला फुकट मिळालेली नाही. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. शाळामास्तरणीचा त्रास म्हणजे काय, हे पहिल्याने त्यांनी जाणले. आजच्या मास्तराने त्यांच्याशी आपली बरोबरी करू नये. त्यांना गाठणारे लोक उघड्या रस्त्यावर उभे असत, आणि त्यांना ठाऊक होते की आपण शाळा बंद पाडावयास आलो आहोत. आज शाळेचे तास कापणारा कोणीही स्वतःस शाळेचा वैरी समजत नाही. प्रत्येकजण म्हणतो, ‘माझे काम एवढेसे तर आहे.’

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात शाळामास्तरांविषयी लिहिलेले आजही वाचण्यासारखे आहे. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो आणि विद्येचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे तर त्यांनी सांगितलेच. पण पुढे मास्तर कसा असावा तेही सांगितले. तो होईल तो शेतकऱ्यांच्या वर्गातून घ्यावा, शिकवून तयार केलेला असावा, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्याला लाज वाटू नये. आणि त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा, कारण तुटपुंज्या पगाराच्या मास्तराला गावात मान राहात नाही. मुलांस मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतकीची थोडी माहिती, आरोग्याचे नियम शिकवावे. बघा, मास्तराचा त्रास हा शेतकऱ्याच्या मुलाच्या विद्येचाच प्रश्न आहे, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या बापास दंड ठेवला. शाळेच्या तासांचे मोल त्यांना कळत होते. तास बुडविणाऱ्या बापाला दंड झाला. तास बुडविणाऱ्या कचेरीला मात्र अजून कोणी दंड लावलेला नाही!

(एक गोष्ट जाता जाता सांगतो, आपल्याच शिवाराजवळची आहे म्हणून. त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. त्या टेकाडाला आपले लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यास सापडला, आणि दुसरा तुकडा १९५६ साली आपल्या शेजारच्या भुईगावास मिळाला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोणा राजाने लोकांनी वाचावे म्हणून येथे दगडावर अक्षरे कोरविली, आणि नंतर कित्येक शतके त्याच दगडांजवळून जाणाऱ्या आमच्या वाडवडिलांस साधी सही करता येत नव्हती. निर्मळच्या जत्रेला सुकेळी घ्यायला येणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो.)

कायदा काय म्हणतो ते आता ऐका, कारण कायदा आपल्या बाजूचा आहे. २००९ साली मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे सत्ताविसावे कलम असे की मास्तराला शिक्षणाबाहेरच्या कोणत्याही कामाला जुंपता येणार नाही. अपवाद तीनच, दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतील मदत, आणि निवडणुकीचे काम. सहाव्विसावे कलम असे की मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या राहू देऊ नयेत. याद्यांच्या कामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगून ठेवले आहे की ते मास्तरांकडून सुटीच्या व न शिकविण्याच्या दिवशी करवून घ्यावे, शाळेच्या वेळेत नव्हे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा मास्तरांनी घरोघर पाहणी केली, नाक्यांवर आणि रेशनच्या दुकानांत उभे राहिले. ती आपत्ती होती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावाच्या संकटात मास्तराने घरी बसू नये. पण फोटो पाठविणे ही कोणत्या कलमातली आपत्ती?

मग मास्तर ‘नाही’ का म्हणत नाही, असे आपण विचाराल. त्याचे कारण भीती. ‘कारणे दाखवा’ अशी नोटीस येते, वेतनवाढ रोखण्याची धमकी येते, बदलीच्या वेळी आठवण ठेवली जाते. मी स्वतः ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षे करून शिक्षणसेवक म्हणून लागलो, तेव्हा महिना तीन हजार मानधन होते आणि तीन वर्षे त्यावरच काढावयाची होती. ही शिक्षणसेवकाची तऱ्हा २००० साली सुरू झाली. मानधन पुढे सहा हजार झाले, आणि २०२३ पासून प्राथमिकास सोळा हजार. ज्याची नोकरी तीन वर्षे टांगणीला आहे तो पोरगा हुकमाला नकार देईल, ही आशा व्यर्थ आहे. आणि ती सवय पुढे जात नाही. कायम झाल्यावरही मान खालीच राहते.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीच्या ज्या मास्तरांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर घरी जावे. ही परीक्षा आपल्या राज्यात २०१३ पासूनची. तिच्या आधी, त्या वेळच्या नियमांनी लागलेल्या माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनाही ती लागू. मास्तराने परीक्षा देऊ नये असे मी म्हणणार नाही. मुलांच्या परीक्षा घेणाऱ्याने परीक्षेला भिणे शोभत नाही. परंतु दिवसा वर्ग, दुपारी तांदूळ, संध्याकाळी याद्या, रात्री लिंक, आणि मध्यरात्री अभ्यास, असा हा क्रम झाला. ज्या परीक्षेच्या बळावर आमची लायकी ठरावयाची, तिच्या २०१९ सालच्या निकालात पैसे घेऊन गुण वाढविल्याचे २०२१ साली उघडकीस आले. पैसे देणारा मास्तर झाला असता आणि वीस वर्षे इमाने शिकविणारा नालायक ठरला असता! असे विचार डोक्यात येतात तेव्हा माणूस चिडखोर होतो. आणि चिडखोर मास्तर पोरांवर ओरडतो.

शरीराचेही सांगितले पाहिजे. घसा बसतो, पाय सुजतात, रक्तदाब चढतो, रात्री फोन खणखणला की छातीत धस्स होते. आमच्या बाईंचे हाल तर दुप्पट. येथून पहाटे निघून गाडीने पालघर-बोईसर गाठावयाचे, तेथून एसटी किंवा टमटम, मग पाड्यापर्यंत पायी. संध्याकाळी परतून स्वयंपाक, आणि जेवण उरकून पुन्हा मोबाइलात माहिती. लहान मूल शेजारणीच्या हवाली. पुरुषाचा ताण लोकांना निदान दिसतो. बाईचा ताण म्हणजे तिचे घरचे कामच असे समजतात.

आमच्यातले सगळेच मास्तर गरीब गाई नाहीत, हेही बोलतो, मग कोणास राग येवो. कागदाचे निमित्त पुढे करून वर्गात न जाणारे आहेत. मोबाइलात माहिती भरतो असे सांगून भलतेच पाहणारे आहेत. शाळेत अर्धवट शिकवून बाहेर शिकवणी चालविणारे आहेत. कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने मास्तराला खासगी शिकवणी मना आहे, तेव्हा असा कोणी आढळला तर लेखी तक्रार करा, भीड धरू नका. अशा माणसांमुळेच आमच्या खऱ्या गाऱ्हाण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. आणि या नसत्या कामांचा सर्वांत जास्त फायदा त्यांनाच होतो, कारण कामचुकार आणि कामाने चिरडलेला, हे दोघे लांबून सारखेच दिसतात.

ते दोघे वेगळे दिसावेत असा एक साधा उपाय आहे, आणि तो आपल्या हातात आहे. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवण्याचा हक्क तिला कायद्याने दिलेला आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती म्हणजे सह्यांचे पान झाले आहे. मास्तर घरी येतो, चहा होतो, सही होते. तसे करू नका. समितीने एक वही घालावी. तिच्यात पाच रकाने: तारीख, कोणता मास्तर वर्गाबाहेर होता, किती तास, कोणाच्या हुकमाने, आणि त्या वेळात कोणत्या इयत्तेचे काय राहिले. मास्तर आपल्या कामासाठी गेला असेल तर तेही लिहा. वरच्या हुकमाने गेला असेल तर हुकमाचा क्रमांक लिहा. महिन्याच्या सभेत ती वही मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर जरूर वाचा. तीन महिन्यांचे तास जुळवून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा आणि पोच घ्या. कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाखाली मुलाच्या हक्काची तक्रार स्थानिक अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकालात काढली पाहिजे, आणि तेथे दाद न लागल्यास राज्याच्या बालहक्क आयोगाकडे जाता येते.

मास्तर हे विचारू शकत नाही, पण आपण विचारू शकता. मास्तराला ‘कारणे दाखवा’ नोटीस देता येते. मुलाच्या बापाला आणि आईला ती देता येत नाही. ‘माझ्या मुलाचे गेल्या महिन्यातले अठरा तास कोणी नेले?’ असे पाटी डोक्यावर घेतलेल्या एखाद्या मावशीने कचेरीच्या दारात विचारले, तर त्याला साहेबाकडे उत्तर नाही.

वही मी आणलेली आहे, शंभर पानी. रकानेही आखून आणले आहेत. तीत पहिली नोंद कोणी करावयाची आणि ती कोणाच्या घरी ठेवावयाची, एवढे ठरवून मगच आपण उठावे, अशी अध्यक्षांस विनंती करून मी खाली बसतो.